धुऱ्यापलीकडची शिकार

दसऱ्याच्या आठ दिवस आधी आमच्या आप्पाचा फोन येतो. "शेंगा भरल्या," एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो. पुढचं मी समजून घ्यायचं असतं. शेंगा भरल्या म्हणजे सोयाबीनला दाणा धरला. दाणा धरला म्हणजे रोह्यांना खबर लागली. आणि रोह्यांना खबर लागली म्हणजे हिंगोलीत पंख्याखाली झोपणाऱ्या या चुलत भावानं औंढ्याकडच्या आखाड्यावर येऊन जागल करायची. वावर दोघांच्या हिश्शाचं आहे. उन्हाळ्यात ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घरपोच येते तेव्हा मला हिस्सा आठवतो, मग तो आश्विनातही आठवला पाहिजे, असा आप्पाचा सरळ हिशोब.

रोही म्हणजे नीलगाय. पण हा शब्द आमच्याकडं फक्त पंचनाम्याच्या कागदावर सापडतो. वावरात येतो तो रोही. भरलेला नर दोनशे-अडीचशे किलोंचा, खांद्याशी चार-साडेचार फूट उंच, आणि एवढ्या धुडाला शिंगं मात्र वीतभर. शास्त्रज्ञांनी त्याला बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस असं नाव दिलंय. त्या नावाची फोड केली की बैल, हरीण, बोकड आणि उंट अशी चार जनावरं बाहेर पडतात. नाव ठेवणारा माणूसही रात्री बॅटरी घेऊनच गेला असणार. आप्पा त्यात पाचवं घालतो, व्याही. न कळवता येतो, पंगतीत मधोमध बसतो आणि जा म्हणायची सोय नाही.

यंदा या मोहिमेला परदेशी सल्लागार मिळाला. अक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, स्वीडनला असतो. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात मूसच्या शिकारीचा हंगाम लागतो. मूस म्हणजे सांबराचा थोरला चुलता समजा. चारपाचशे किलोंचा ऐवज, तिकडचे लोक त्याला एल्य म्हणतात. भाच्याच्या हापिसातली निम्मी मंडळी त्यासाठी रजा टाकते. त्याला हौस आली म्हणून तोही तयारीला गेला. तिथून त्यानं व्हिडिओ कॉल केला.

"मामा, हे बघा, नारिंगी टोपी. ही घातलीच पाहिजे, नाहीतर आपलाच माणूस आपल्याला मूस समजतो."

"आमच्याकडं ती भीती नाही," मी म्हणालो. "आमचा आप्पा कुठल्याही टोपीत रोही दिसत नाही."

"आणि इथं परीक्षा असते. रुळावरून मूसचं चित्र पळवतात. पळत्या चित्रावर नेम लागला पाहिजे, तरच परवाना."

मला हे फार आवडलं. आमच्याकडं रुळावरून पळणारं एकच, ते म्हणजे अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी, आणि तिच्यावर नेम धरणाऱ्या पोरांना परवान्याऐवजी रेल्वे पोलीस मिळतात.

भाचा सांगत होता की शिकारी लोक पहाटे जंगलात जातात, लाकडी मचाणावर बसतात, थर्मासमधली कॉफी पितात आणि दिवसच्या दिवस काहीही येत नाही. आमचं दुखणं नेमकं उलटं आहे. आमच्याकडं चहाला आधण ठेवेपर्यंत सात रोही हजर असतात.

"पण मारल्यावर मांसाची वाटणी होते," भाचा म्हणाला. "फ्रीजरमध्ये ठेवतात, वर्षभर पुरतं. मामा, तुम्ही तर मारणार नाही. मग तुमचं टार्गेट काय?"

"तात्याचं वावर," मी म्हणालो.

हे त्याला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. तात्या म्हणजे आमचे धुऱ्याला धुरा लागून असलेले भावकीतले शेजारी. जनावर मारायचं नाही. एक तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा आहे, आणि दुसरं म्हणजे आप्पाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. कायद्यात पळवाट आहे म्हणा. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर वन खात्याच्या लेखी परवानगीनं बंदोबस्त करता येतो. पण अर्ज करायचा, परवानगी यायची, मग परवानाधारक बंदूकवाला हुडकायचा, एवढं होईस्तोवर सोयाबीन मोंढ्यात जाऊन तिचे पैसे उधारीत वळते झालेले असतात. नुकसानभरपाईही आहे. तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा, मग पंचनामा होतो. मागं एकदा पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "हे रोह्यानंच खाल्लं कशावरून? डुकरानं कशावरून नाही?" आप्पा गंभीरपणे म्हणाला, "त्यानं जाताना सही केली नाही, साहेब."

तेव्हा उरतं काय? जनावर आपल्या धुऱ्यापलीकडं घालवणं. तिकडं तात्या आहे. तात्या त्याला ओढ्यापलीकडं घालवतो किंवा आमच्याकडं परत पाठवतो. सबंध शिवारात असं चालतं. अख्ख्या गावाची रात्रभराची शिकार म्हणजे तीच सात जनावरं एकमेकांच्या अंगावर घालणं. सकाळी पारावर मात्र प्रत्येकाच्या खात्यात सात-सात जमा असतात. बेरीज केली तर शिवारात रोज रात्री दीडशे रोही येऊन जातात.

रोह्यापायी माणसं पूर्वीही चळलेली आहेत. जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय की रोही अगदी टप्प्यात आला असताना एक मोतद्दार आणि दोन कहार मध्येच उगवले आणि जनावर निसटलं. बादशहानं मोतद्दाराला जागीच ठार करवलं आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांची गाढवावरून धिंड काढली. आप्पाला हे वाचून दाखवलं, तर तो बराच वेळ आपल्या पोराकडं बघत राहिला. पोरगं मोबाईलवर रीळ बघत होतं. अलीकडचं सांगायचं तर २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकाम्याच्या बाजूला सरकारी परवानगीनं हैदराबादचे नेमबाज आणून सुमारे अडीचशे नीलगायी मारल्या, आणि त्यावरून दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली. म्हणजे रोह्यानं तिथंही धुरा ओलांडलाच. आणि अमेरिकेत १९३० च्या आसपास टेक्सासातल्या किंग रँचवाल्यांनी हे जनावर हौसेनं नेऊन सोडलं. तिथं ते इतकं मातलं की आता लोक डॉलर मोजून त्याची शिकार करायला जातात. हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फुकट न्या म्हणावं. वर दशमी बांधून देतो."

तर तयारी.

हिंगोलीत निजामाच्या काळात फौजेची छावणी होती, तिच्या खुणा वस्त्यांच्या नावांत राहिल्यात. पलटण, रिसाला, तोफखाना. शिकारीचं सामान घ्यायला याहून योग्य गाव कुठलं? मी पलटणीत बॅटरी घेतली, कपाळाला बांधायची, बैलाच्या माथ्यावर गोंडा बांधावा तशी. रिसाल्यात नायलॉनची दोरी घेतली. तोफखान्यात जाऊन सुतळी बॉम्ब मागितले तर दुकानदार म्हणाला, "दिवाळीचा माल अजून यायचाय, लवंगी न्या." लवंगी वाजल्यावर रोही मान वर करतो, कुणी बोलावलं का बघतो आणि पुन्हा खायला लागतो. तरी घेतली. शिवाय मी राहतो पेन्शनपुऱ्यात. माझ्या लष्करी कारकिर्दीवर यापेक्षा नेमकं भाष्य कोणी करू शकणार नाही.

गोफण आप्पाकडं होती, आजोबांच्या हातची. मी सरावाला एकदाच फिरवली. दगड पुढं जायचा तो मागं गेला आणि आखाड्याच्या पत्र्यावर असा काही वाजला की झोपलेलं कुत्रं दोन दिवस आमच्याकडं फिरकलं नाही.

सलूनमधले केस आणून धुऱ्यावर पसरायचे असतात. डुक्कर हुंगत येतं, नाकात केस गेले की परत फिरतं. पूर्वी केस फुकट मिळायचे. आता सलूनवाल्याला भाव कळलाय. त्यानं पोतं बांधून देताना सांगितलं, "यात सरपंचाचेही आहेत." मी म्हटलं, ते पुढच्या बाजूला टाकू.

झटका मशीन आप्पानं गेल्या सालीच बसवलंय. सोलरची पाटी, बॅटरी आणि वावराभोवती तार. तारेतून टक्-टक् करत दणका जातो. जनावर मरत नाही, फक्त त्याला माणसाविषयी काय वाटतं ते बदलतं. मशीन चालू आहे का हे बघायला आप्पा गवताची काडी तारेला लावतो. मला वाटलं, काडी ओली असो वा वाळलेली, काय फरक पडतो? फरक पडतो. थेट मेन लाईनचा करंट सोडणारेही असतात. त्यात जनावराबरोबर माणसं गेलीत, कुणाचा भाऊ, कुणाचा सालगडी, आणि त्या गोष्टीवर आखाड्यावर कोणीही हसत नाही.

पण मशीनची तार चारी बाजूंना पुरली नाही. ओढ्याकडची बाजू उघडी राहिली, म्हणजे साड्या लागणार. जुन्या साड्या खुंटांना ताणून बांधल्या की जनावर बिचकतं. आपल्यापेक्षा उंच, रंगीत आणि हलणारं काहीतरी उभं आहे एवढंच त्याला कळतं. आप्पाच्या मते डुक्कर आठ दिवस बिचकतं, रोही चार दिवस. पाचव्या दिवशी तो साडी पदरापासून हुंगून बघतो.

"किती लागतील?" बायकोनं विचारलं.

"बारा-पंधरा."

"माझ्याकडं पंधरा टाकाऊ साड्या आहेत, असं वाटतं तुम्हाला?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. तिनं ट्रंक उघडली आणि पहिला तास एकही साडी बाहेर पडली नाही. ही आईनं पहिल्या दिवाळीला दिलेली. ही वहिनीनं बारशाला नेसवलेली. ही विरली आहे, पण पंढरपूरला घेतलेली. ही फाटली आहे, पण आता असा पोत मिळत नाही. प्रत्येक साडी हातात घेऊन, फुंकर मारून, पुन्हा घडी करून ठेवली. दुसऱ्या तासात मात्र भराभर निघायला लागल्या. माझ्या आत्याची. माझ्या मावशीची. माझ्या चुलत बहिणीच्या सासरची. चौदावी निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओढ्याकडच्या बाजूला रोह्यांच्या तोंडी माझं गणगोत उभं राहणार आहे. तिच्या माहेरचा एक रुमालसुद्धा आघाडीवर नव्हता.

पंधरावी माझ्या थोरल्या बहिणीची. अक्कानं आमच्या वास्तुशांतीला दिलेली. रंग पोपटी, काठ राणी, आणि त्या दोघांच्या मध्ये जरीची कोयरी भांडण सोडवत बसलेली. घडी मोडलेली नव्हती.

"अगं, ही नवी आहे."

"नवीच राहणार आहे," ती म्हणाली. "दोनदा पुढं द्यायला काढली. पण द्यावी कुणाला? सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या. अक्कांच्या कानावर गेलं तर? हा रंग बघून माणूस पळतो, रोह्याला पळायला काय झालं?"

युक्तिवाद बिनतोड होता. आम्ही ती साडी ओढ्याच्या कोपऱ्यावर बांधली. तिथूनच सगळे घुसतात.

हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, आकाशपाळणे लागतात, रावण जळतो आणि जिल्ह्यातले सगळे पाहुणे तेवढ्या काळात हिंगोलीत राहणाऱ्या नातेवाइकांची आठवण काढतात. अक्का वसमतहून आली. येताना घरच्या हळदीची पिशवी घेऊन आली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून अक्का ती पिशवी सोन्याचं मंगळसूत्र द्यावं तशी देते. रावण जळला, आपट्याची पानं वाटून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "वावर बघून येऊ. किती दिवसांत गेले नाही."

मी म्हटलं, चिखल आहे. बायको म्हणाली, ऊन आहे. आप्पाला फोन केला तर तो म्हणाला, "आण की! तुझी वहिनी पिठलं करायलीय."

अक्का धुऱ्यावरून चालत चालत ओढ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. वारा बेताचा होता. पोपटी साडी पूर्ण लांबीनं पसरून उभी होती, राणी काठ उन्हात पेटलेला. मांडवातसुद्धा ती इतकी उठून दिसली नसती.

"ही साडी मी कुठंतरी बघितलीय," अक्का म्हणाली.

"अक्का, हा सगळ्यात नाजूक कोपरा आहे," मी म्हणालो. "तात्याकडून सगळे इथूनच घुसतात. म्हणून म्हटलं, इथं हलकीसलकी साडी नको. चांगली, दमदार…"

"म्हणजे माझ्या साडीला रोह्यांच्या स्वागताचा मान."

बायको तेवढ्यात हळदीच्या पानाची शीर न शीर तपासत होती. अक्का पुढं काही बोलली नाही. तिनं मोबाईल काढला, साडीचा फोटो काढला आणि स्वीडनला पाठवला. थोड्या वेळानं भाच्याचं उत्तर आलं, "मामा, इथल्यापेक्षा तुमचं सेफ्टी जॅकेट भारी आहे."

शेवटची तयारी भोंग्याची. चार्जिंगचे भोंगे मिळतात. त्यात आवाज भरून ठेवला की रात्रभर तोच तो वाजत राहतो आणि माणसाला निजता येतं. आप्पानं तो एका भंगारवाल्याकडून आठ दिवसांसाठी भाड्यानं आणला. आता आवाज भरायचा. आप्पानं माईक तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि गप्प झाला. माळकरी माणूस, शिवी देता येईना. "अरे, निघा रे बाबांनो," असं तो म्हणाला. वहिनी चुलीपासून उठल्या, भोंगा त्याच्या हातातून घेतला आणि एका दमात, एकही शब्द दोनदा न वापरता, अडीच मिनिटं बोलल्या. आम्ही ऐकून थक्क झालो. आप्पाचा चेहरा मात्र उतरला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "यातलं अर्धं रोह्याला नाहीये."

आमचा जिल्हा नामदेव महाराजांचा. नर्सीला त्यांचा जन्म झाला असं मानतात. कुत्र्यानं पोळी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले ही कथा आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. औंढ्याला नागनाथाचं देऊळ त्यांच्या कीर्तनासाठी फिरलं, हीसुद्धा. त्याच शिवारात आम्ही लवंगीची माळ घेऊन रोह्यामागं धावतो आणि देऊळ फिरलं तिथं रोही फिरत नाही. आप्पाला याची खंत आहे. दरवर्षी मोहिमेच्या आधी तो नागनाथाला जाऊन येतो. काय मागतो ते सांगत नाही, पण मला वाटतं तो तात्याच्या वावराचं नाव घेत असावा.

मोहिमेला रात्र निवडली ती नेमकी कोजागिरीची. म्हटलं, नाहीतरी जागायचंच आहे. आखाड्यावर चूल पेटवली, दूध आटवायला ठेवलं. केशर कुठून आणणार? त्यात अक्काची मानांकनवाली हळद टाकली. आप्पा, मी, आप्पाचं पोरगं आणि त्याचा मोबाईल असे चौघं बाजेवर. लक्ष्मी त्या रात्री आकाशातून विचारत जाते, कोण जागं आहे? आमच्या शिवाराकडं बघून तिला विचारायची गरजच पडली नसेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटऱ्या फिरत होत्या, डबे वाजत होते, कुणीतरी ट्रॅक्टर चालू करून नुसताच ठेवला होता. लक्ष्मी एवढ्या जाग्या लोकांना प्रसन्न झाली असती तर हिंगोली जिल्हा एव्हाना स्वीडन झाला असता.

बाजेवरून दुधाळ्याच्या बाजूचे दिवे दिसत होते. तिथं लायगोची प्रयोगशाळा व्हायचीय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची थरथर टिपली होती. प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी हालचालही त्या यंत्राला कळते म्हणे. मी हे पोराला सांगत होतो. तो म्हणाला, "काका, मागं बघा."

मागं वीस पावलांवर रोही उभा होता.

अडीचशे किलोंचं जनावर आलं आणि कुणाला चाहूल नाही. चांदण्यात त्याचा रंग निळाही नाही, राखाडीही नाही, मळकट ढगासारखा. गळ्याखाली पांढरा ठिपका, त्याखाली केसांचा झुपका, आणि चारही पायांत पांढरे वाळे, चांदीचे तोडे घालून लग्नाला आल्यासारखे. तोंडात तुरीचा शेंडा. तो सावकाश चावत होता आणि माझ्याकडं बघत होता, जसा माणूस जेवता जेवता टीव्हीकडं बघतो. कपाळावरची बॅटरी, शेजारी पडलेली गोफण, खिशातली लवंगी, सगळं जागच्या जागी राहिलं. एवढ्या पंधरवड्याच्या तयारीतून मला फक्त एक शब्द सुचला.

"या," मी म्हणालो.

आप्पानं मात्र भान ठेवलं. त्यानं भोंगा उचलला आणि बटण दाबलं. घाईत दाबलं ते दुसरं. आणि कोजागिरीच्या त्या निर्मळ चांदण्यात आमच्या वावरातून खणखणीत आवाज उठला, "भंगाऽऽर! जुनं लोखंड, पत्रा, प्लास्टिक, जुनी बॅटरी, मोडकी सायकल, भंगाऽऽर!"

रोह्यानं कान टवकारले. त्याच्यामागून तुरीतून आणखी सहा माना वर आल्या. सातही जणं एकाग्रतेनं ऐकत होती. धुऱ्यापलीकडून तात्यांचा आवाज आला, "लोखंड काय किलोनं घ्यायलास रे?"

पोरानं भोंगा हिसकावला आणि योग्य बटण दाबलं. वहिनींचा आवाज सुटला. पहिल्याच वाक्याला नर दचकला, दुसऱ्या वाक्याला वळला. आप्पाही अर्धवट उठून उभा राहिला होता, सवयीनं. सातही जनावरं ओढ्याकडं निघाली. पळत नव्हती, वरातीला निघाल्यासारखी चालली होती. नर थेट कोपऱ्यावर गेला, मान खाली घातली आणि पोपटी साडीतून आरपार निघाला. खुंट उपटला. साडी शिंगांत अडकली, गळ्याभोवती एक वेढा बसला आणि उरलेली मागं लोळत गेली. चांदण्यात राणी काठ चमकला. अंगावर शेला टाकलेला नवरदेव धुरा ओलांडून तात्यांच्या मांडवात शिरला.

"गेले!" आप्पा ओरडला. आम्ही दुधाचे पेले भरले. हळदीमुळं दूध औषधासारखं लागत होतं, पण विजयाचं होतं.

पेले अर्धे झाले नाहीत तोच तात्यांकडं सुतळी बॉम्ब वाजला. त्यांना कुठून मिळाला देव जाणे. सातही जणं परत. यावेळी शिंगांत साडी नव्हती. आम्ही वहिनी लावल्या, ती गेली. तात्यांनी डबा वाजवला, ती आली. रात्री बारानंतर मोटारीची लाईट आली, आप्पा पाण्याला गेला आणि आघाडी माझ्यावर आली. पहाटेपर्यंत मी मोजलं, पाच वेळा गेली, पाच वेळा आली. सहाव्यांदा ती धुऱ्यावरच बसली. रवंथ करत. शहाणी जनावरं. उगाच चालण्यात वेळ घालवत नाहीत.

सकाळी तात्या चहाला आले. डोळे लाल, आवाज बसलेला. "रात्री पस्तीस हाकलले," ते म्हणाले. आप्पा म्हणाला, "आम्ही पस्तीस." दोघांनीही मान डोलावली. हिशोब जुळला होता. जाताना तात्या म्हणाले, "एक पोपटी साडी सापडली वावरात. धड आहे, एका कोपऱ्याला तेवढी फाटली. तुमच्या काकूनं धुऱ्याला बांधून टाकली."

अक्काला हे आपणच सांगावं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, असं बायकोचं मत पडलं. फोन मीच लावला. दोन-चार वाक्यं इकडची तिकडची बोलून, घाबरत घाबरत सांगितलं की अक्का, ती साडी रोह्यानं नेली आणि ती आता तात्यांच्या धुऱ्यावर आहे.

पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग अक्का हसायला लागली ती थांबेचना.

"पोचली म्हण की घरी," ती म्हणाली. "अरे, तात्याच्या लेकीच्या लग्नात मला तीच तर आहेरात आली होती!"